दोघींचं एक बोट

लिफ्टचं दार बाजूला सरकलं, नीरजा आत शिरली, सवयीनं तिनं उजवा हात भिंतीवर नेला, आणि हाताला बटणं लागलीच नाहीत. लागली ती काच. गार, गुळगुळीत, कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते न सांगणारी. कर्वेनगरातल्या या सोसायटीत राहायला आल्यापासून जुनी लिफ्ट तिच्या बोटांना पाठ होती. गोल, बाहेर आलेली बटणं, दाबलं की आत जाऊन जाडसर खटका देणारी. तिच्या सहाव्या मजल्याच्या बटणाची कड कुणीतरी किल्लीनं खरवडलेली. ती लिफ्ट फार कुरकुरायला लागली म्हणून सोसायटीनं नवी बसवली, आणि तेवढे दिवस सलिलचा दंड धरून ती जिने चढली-उतरली. आठवड्यापूर्वी नवी लिफ्ट सुरू झाली तेव्हाही सलिल बरोबर होता. "मस्त केलीय गं, विमानतळावर असते तशी," म्हणाला होता. तेव्हापासून रोज तोच दाबत होता, ती शेजारी उभी असायची, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेल्या त्या दोघांपैकी एकालाही पुढचं काही सुचलं नव्हतं. आज पहिल्यांदाच संध्याकाळी बँकेतून येऊन ती एकटी आत उभी होती. तिनं बटणं शोधायला हात काचेवरून फिरवला. टिंग. पुन्हा फिरवला. टिंग, टिंग. कुठंतरी काहीतरी लागतंय एवढंच कळलं. दार मिटलं. लिफ्ट निघाली, थांबली, दार उघडलं, कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, दार मिटलं. पुन्हा तेच. मग तिच्या ध्यानात आलं, की तिचा शोधणारा हातच सगळे मजले दाबत सुटला आहे. पूर्वी शोधणं वेगळं होतं आणि दाबणं वेगळं. बोटं आधी विचारायची आणि मग सांगायची. या काचेला विचारणं कळतच नव्हतं. नुसतं शिवलं तरी तिला तो हुकूम वाटत होता.

किती वेळा दार उघडलं ते मोजायचं राहून गेलं. आपण मोजायला हवं होतं, असं वाटून तिला स्वतःचाच राग आला, आणि लगेच, का म्हणून मोजायचं, असं वाटून दुसराच राग आला. पुढच्या वेळी दार उघडलं तेव्हा हाच सहावा असेल असं धरून ती बाहेर पडली. डावीकडं भिंत, भिंतीच्या शेवटी दार; सगळं जिथल्या तिथं होतं. दार नुसतं लोटलेलं. सलिल आज लवकर आला वाटतं, या विचारानं तिला इतकं हायसं झालं की हाक न मारताच ती आत गेली, चपला काढल्या, आणि पर्स टीपॉयवर ठेवायला हात पुढं केला. टीपॉय नव्हता. पर्स धपकन खाली पडली, किल्ल्या खळकन फरशीवर आपटल्या. त्याच क्षणी तिच्या नाकाला वास लागला, भाजलेल्या जवसाचा. तिच्या घरात जवस कधीच आणलं जात नव्हतं.

"कोन हाय?" आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

नीरजा जागच्या जागी उभी राहिली. चुकणं हा प्रकार तिला नवा नव्हता. दृष्टी जात होती त्या काळात ती रस्ते चुकली होती, दुकानं चुकली होती, एकदा तर ओंकारेश्वराजवळ सलिल समजून भलत्याच माणसाचा हात धरला होता. पण ते सगळं बाहेरचं. लोकांच्या घरात, चपला काढून, पर्स फेकून आपण उभ्या आहोत, या जाणिवेनं तिच्या कानशिलात ऊन शिरलं. "सॉरी, सॉरी," ती म्हणाली. "मी सहाव्या मजल्यावरची. मजला चुकला. जाते मी, थँक्यू." थँक्यू कशाबद्दल ते तिलाही सांगता आलं नसतं. तो शब्द तिच्या तोंडातून घाम यावा तसा यायचा. रस्ता ओलांडून देणाऱ्याला थँक्यू, रस्ता ओलांडायचा नसताना ओलांडून देणाऱ्यालाही थँक्यू. बँकेत फाइल हातात ठेवणाऱ्याला, खुर्ची सरकवणाऱ्याला, "सांभाळून हं" म्हणणाऱ्याला. सकाळपासून रात्रीपर्यंत ती सुटे पैसे वाटावेत तसे ते थँक्यू वाटत फिरायची, आणि एखाद्या दिवशी घरी येऊन खुर्चीत बसली की तोंडात त्याची चव राहिलेली असायची. वाईट एवढंच, की त्यातलं एखादं खरं असायचं, आणि तेही त्याच सुट्ट्या पैशांत जाऊन मिसळायचं.

"जाता कुठं? किल्ल्या तं उचलू द्या," आवाज जवळ आला. खाली वाकताना गुडघे वाजल्याचं नीरजानं ऐकलं. मग तिच्या तळहातात किल्ल्यांचा जुडगा आला, आणि तो ठेवणाऱ्या बोटांचा स्पर्श तिला विलक्षण वाटला. लाकडासारखी बोटं. कोरडी, चिरा पडलेली, टोकाला घट्टे. "हा चवथा माळा व्हय. तुमाले दिसत नाई का, माय?"

"नाही."

"बसा मंग. च्या ठेवते." ना अरेरे, ना गं बाई. नीरजाला ते लगेच जाणवलं. पुढं काही बोलायच्या आत तिला खाटेच्या कडेवर बसवलंही गेलं होतं.

त्या गोदाबाई. अकोटजवळच्या एका खेड्यातून, मालक वारल्यावर मुलगा योगेश त्यांना पुण्यात घेऊन आला होता. योगेश हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत, सून अपेक्षा दुसऱ्या कुठल्याशा. दोघं सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची. गोदाबाई दिवसभर दार लोटून ठेवायच्या. कडी लावली की कोंडल्यासारखं होतं म्हणत. शेजाऱ्यांनी दोनदा योगेशला सांगितलं होतं, की हे पुणं आहे, इथं दारं लावतात. चहा गोड होता, इतका की नीरजाला घोटाघोटानं पिऊन टाकावा लागला. गोदाबाई बोलत होत्या, आणि बोलता बोलता सहज म्हणाल्या, "मी तं नवीन लिफ्ट झाल्यापासून खालतं गेलीच नाई."

"का?"

"तिले माझं बोटच समजत नाई."

नीरजाला वाटलं, म्हाताऱ्या बाईंना काचेची भीती वाटत असेल. पण तसं नव्हतं. योगेशनं त्यांना दाखवलं होतं, समजावलं होतं. इथं हात लाव, आई, उजेड येतो. योगेशनं लावला की उजेड यायचा. अपेक्षानं लावला की यायचा. मग घरी कुणी नसताना गोदाबाईंनी लावला की काच नुसती काळी. जोरात लावला, घासला, पदरानं पुसून लावला, काही नाही. "जलमभर कापूस येचला, निंदण केलं, शेण सारवलं. कातडं हाय कुठं आता, हे सालटं हाय. माणूस ओळखते, गाय ओळखत होती. हे ओळखत नाई." आणि त्या हसल्या. हसणं खरं होतं, पण त्याच्या बुडाशी काहीतरी होतं ते नीरजाला नीट ऐकू आलं. जुन्या लिफ्टचं बटण त्या अंगठ्यानं दाबायच्या, खाली जायच्या, फाटकाशी भाजीच्या गाडीपाशी उभ्या राहायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार शब्द बोलायच्या. गुडघ्यांमुळं जिना उतरवत नव्हता. म्हणजे लिफ्ट नवी झाली आणि यांचं खाली जाणं संपलं, आणि घरातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ती सगळी उजेड असलेल्या बोटांची माणसं होती.

"माझं उलटं झालं," नीरजा म्हणाली. "मी नुसता हात फिरवला तर सगळेच मजले लागले."

गोदाबाईंनी चहाचे कप उचलून ठेवले. मग म्हणाल्या, "चाला बरं, पाहू."

दोघी लिफ्टशी गेल्या. गोदाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदूचं धुकं होतं, पण काचेवर फिकट आकडे कुठं आहेत एवढं त्यांना दिसत होतं. त्यांनी नीरजाचा हात धरला, बाकीची बोटं मुठीत दुमडली, पेन्सिल धरावी तसं तिचं एकच बोट धरलं, आणि काचेच्या समोर नेऊन म्हणाल्या, "आता टेकवा." टिंग. एकच टिंग. लिफ्ट निघाली आणि न थांबता सहाव्यावर गेली. नीरजा बाहेर पडली, तिनं वाकून तिच्या दारापुढचं पायपुसणं हातानं चाचपलं, तेच होतं, आणि ती दार अडवून उभ्या असलेल्या गोदाबाईंकडं परत आली. त्या वेळी मात्र थँक्यू आलं नाही. "आता तुम्ही खाली कशा जाल?" एवढंच तिनं विचारलं. गोदाबाईंनी तिचं बोट पुन्हा धरलं, चौथ्याच्या आकड्यावर टेकवलं, आणि दार मिटता मिटता म्हणाल्या, "सकाळी किती वाजता निंगता?"

तेव्हापासून नीरजाची सकाळ बदलली. सलिलची कंपनी चिंचवडला, तो आता पुन्हा पूर्वीसारखा सूर्य उगवायच्या सुमारास निघायचा, नीरजा मागून. निघताना ती खाली फोन करायची, अपेक्षा जाता जाता गोदाबाईंना लिफ्टनं वर आणून सोडायची, आणि मग दोघी मिळून उतरायच्या. एकीचे डोळे, एकीचं कातडं. रिक्षा येईपर्यंत फाटकाशी उभ्या राहायच्या. गोदाबाई समोरचं सगळं सांगायच्या, पण दया येऊन सांगतात तसं नाही. त्यांना स्वतःलाच ते नवं होतं म्हणून. "हे पाहा, कुत्र्याले स्वेटर घातला. आता काय म्हनावं." वॉचमन महिपतीला त्या त्याच्या गावच्या पावसापाण्याबद्दल विचारायच्या. संध्याकाळी नीरजा येईपर्यंत त्या खालीच बाकावर असायच्या, कधी शेंगा सोलत, कधी नुसत्या. दुपारी ऊन लागलं तरी वर जाता येत नाही आणि कुणाला बटण दाबायला सांगायचं नाही म्हणून महिपतीच्या केबिनच्या सावलीत बसायच्या. हे नीरजाला पुष्कळ उशिरा कळलं. आपण बँकेत गार हवेत बसतो तेव्हा आपलं बोट परत येण्याची कुणीतरी खाली वाट बघत असतं, हा विचार मग तिला कामातही सोडीना.

काम तिला आवडत होतं. ते तिला दोनदा मिळालं होतं. एकदा डोळे असताना, परीक्षा देऊन, कारकून म्हणून. मग नव्वदच्या दशकात डोळे विझत गेले. आधी कडा, मग मधलं, सगळ्यांत शेवटी खिडकीचा उजेड. मुलगी वल्लरी तेव्हा लहान होती. तिचा चेहरा नीरजाच्या मनात अजून दुधाचे दात पडलेलाच आहे. बँकेनं काढलं नाही, टेलिफोनवर बसवलं. "बसवलं" हाच शब्द सगळे वापरायचे. तिथं बसून तिनं वर्षानुवर्षं लोकांना लोक जोडून दिले आणि स्वतः कुणालाच जोडलेली नव्हती. मग संगणक आले. सगळे घाबरले होते, संप-बिंप झाले होते, आणि तिला वाटलं होतं, आता हे उरलंसुरलंही गेलं. पण झालं उलटंच. संगणकात एक बोलणारा प्रोग्राम बसवता आला, आणि एका दुपारी कानात घातलेल्या त्या यंत्रातून कुठल्याशा परदेशी बाप्यानं तिचं नाव वाचलं, "नी-रा-जा". तिच्या समोरच्या पडद्यावर काय आहे हे तिला कुणालाही न विचारता कळलं. ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती. आता ग्राहकांच्या तक्रारींचा विभाग तिच्याकडं होता. लोक तावातावानं लिहायचे, ती वाचायची, म्हणजे ऐकायची, आणि उत्तरं लिहायची. पलीकडच्या माणसाला ती दिसत नसे आणि तिला तो दिसत नसे, हिशेब बरोबर. त्या खुर्चीत ती दिवसभर कुणाला थँक्यू म्हणत नसे. लिहायची मात्र ढिगानं, पत्राच्या शेवटी, आणि ते मनापासून असायचं.

सलिल वाईट वाटून घेत होता. त्यानं बाजारातून उठावाचे ठिपके असलेली स्टिकरं आणली आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी खटपट करून काचेवर आकड्यांच्या शेजारी चिकटवली. नीरजानं बोट फिरवलं. ठिपका लागला तशी टिंगही लागली. ठिपक्यापर्यंत पोचायच्या आधीच वाटेतले दोन मजले लागून गेले होते. सलिल एकेक स्टिकर सोलून काढू लागला. मग घरी आल्यावर, तिच्या पाठीवर हात ठेवून, अतिशय मऊ आवाजात म्हणाला, "नीरू, आता पुरे कर ना नोकरी. किती दिवस त्या आजींच्या भरवशावर राहशील? पैशाची काही अडचण नाहीये. आराम कर." त्यात काहीच चूक नव्हतं. त्याच्या बोलण्यात इतकं प्रेम होतं आणि ते इतकं बरोबर होतं, की तिला आपण हळूहळू त्याला होकार देऊ असं स्वच्छ दिसलं. आज नाही, महिन्या-दोन महिन्यांनी. एखाद्या दिवशी गोदाबाईंना ताप येईल, एखाद्या दिवशी अपेक्षाला उशीर होईल, आणि कुणाचाही दोष नसताना तिचं बाहेर जाणं संपेल. जसं गोदाबाईंचं संपलं होतं. ते कुणाला कळणारही नाही.

वल्लरीचा फोन आला तेव्हा नीरजानं हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि सांगितलं. वल्लरी बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत होती. ती काय करते ते नीरजाला कधी नीटसं कळलं नव्हतं. "थांब, थांब," वल्लरी म्हणाली. "त्या काचेला बाहेरून काही जोडता येतं का? तुझं बोलणारं सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर?"

"अगं, लिफ्टला काय जोडणार?"

"तेच तर! आई, मी गेली दोन वर्षं हेच करते. आमचा क्लायंट परदेशातल्या सरकारी ऑफिसांना मशिनं विकतो, तिकिटांची, टोकनची. अशा मशिनला माणूस आपलं काही साधन जोडूच शकत नाही, ते बंदच असतं. म्हणून तिकडं नियम आहे. ज्याला काही जोडता येत नाही ते जसं आहे तसंच सगळ्यांना वापरता आलं पाहिजे. त्यातली एक अट तर हीच आहे, की बटण हाताला लागलं पाहिजे आणि नुसतं चाचपल्यानं चालू होता कामा नये. मी रोज तपासते ते. डोळे मिटून."

नीरजा खुर्चीत बसली. "माझ्यासाठी घेतलंस का हे काम?"

"नाही गं," वल्लरी हसली. "प्रोजेक्ट मिळाला म्हणून." आणि मग, "पण डोळे मिटले की तूच आठवतेस."

नीरजानं फोन ठेवला. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. चाचपल्यानं चालू होता कामा नये. म्हणजे समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कचेरीत, टेबलाभोवती बसलेल्या काही माणसांनी, तिला कधी न पाहिलेल्या, कधी न पाहणार असलेल्या माणसांनी, त्या संध्याकाळची तिची ती घाबरगुंडी आधीच ओळखून ठेवली होती आणि तिचं एक साधं, कोरडं, सरकारी वाक्य केलं होतं. त्यात सहानुभूतीचा एक शब्द नव्हता. म्हणूनच ते तिला इतकं थोर वाटलं. आजवर तिला जे मिळालं ते कुणाच्या तरी चांगुलपणातून. चांगुलपणाला तोंड असतं, आणि त्या तोंडाकडं बघून हसावं लागतं. या वाक्याला तोंड नव्हतं. ते कुणी दिलं ते विचारायचीही सोय नव्हती. आणि तरी, किंवा म्हणूनच, छातीतून असं काही भरून आलं की आभार कुठल्या दिशेला मानावेत ते तिला समजेना. तिनं खिडकीकडं तोंड केलं आणि नुसतीच बसली.

सोसायटीची मीटिंग रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. सेक्रेटरी गोपाळकृष्ण वझे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्यासमोर बोलताना मोठमोठे इंजिनिअर आपोआप सरळ उभे राहत. नीरजा उभी राहिली आणि तिनं काय हवं ते सांगितलं. उठावाची, दाबता येणारी बटणं आणि मजला सांगणारा आवाज.

"लिफ्ट बोलायला लागली," वझे म्हणाले, "तर तिला मीटिंगलाही बोलवावं लागेल. आपल्याकडं आधीच बोलणारे पुष्कळ आहेत." लोक हसले. मग ते जरा नरमून म्हणाले, "नीरजाताई, महिपतीला सांगून ठेवतो. तुम्ही नुसता आवाज द्या, तो नेईल-आणेल. आपण पुणेकर असलो तरी माणसं आहोत."

"आहात ना," नीरजा म्हणाली. "मला मदतीचा राग नाही, वझेसर. मदतीवरच जगले मी. पण प्रत्येक वेळी घराबाहेर पडायला कुणाचीतरी मर्जी सांभाळायची, त्याला वेळ आहे का बघायचं, तो वैतागला असला तरी हसायचं, हे तुम्ही एक दिवस करून बघा. मला महिपती नको असं नाही. मला बटण हवंय. बटणाला थँक्यू म्हणावं लागत नाही."

कुणीतरी खर्चाचं काहीतरी म्हणालं, कुणीतरी कंपनीच्या वॉरंटीचं. तेवढ्यात मागून, योगेश "आई, बस ना" म्हणत असताना, गोदाबाई पुढं आल्या. "मले तं डोळे हाय," त्या म्हणाल्या, "तरी जाता येत नाई. हे पाहा." लिफ्ट शेजारीच होती. त्यांनी आपला अंगठा काचेवर ठेवला. सगळे बघत राहिले. काही झालं नाही. अंगठा काढला, पुन्हा ठेवला. नीरजाला काही दिसत नव्हतं, पण इतक्या माणसांच्या गप्प राहण्यावरून तिला तो अंगठा दिसला. आणि मग योगेशचा आवाज ऐकू आला, अगदी हळू, एकट्याशी बोलावं तसा, "म्हणजे तुला एकटीला खाली... मला का नाही सांगितलंस?"

"तू दमून येतं, बाबू," गोदाबाई म्हणाल्या.

वझे खाकरले. त्यांच्या खुर्चीचा पाय फरशीवर घासला. "सभेला एक माहिती देतो," ते नेहमीच्याच कोरड्या सुरात म्हणाले. "गेल्या मंगळवारी प्रस्तुत सेक्रेटरी चष्मा घरी विसरून खाली आले होते. परतताना त्यांना काळ्या काचेवर काळं सोडून काही दिसलं नाही. ते जिन्यानं पाचव्या मजल्यावर गेले आणि ही गोष्ट त्यांनी घरीही सांगितली नाही. ठराव लिहून घ्या. बटणं बदलायची."

लिफ्टच्या कंपनीचा माणूस आला, म्हणाला, हे सगळं सीलबंद असतं, वरून काही लावता येत नाही, पूर्ण पॅनेलच बदलावं लागेल. वल्लरीनं बंगळूरहून सगळ्या अटी मराठीत लिहून पाठवल्या, वझ्यांनी त्यातलं शुद्धलेखन सुधारलं आणि कंपनीला धाडल्या. आवाज फक्त हिंदी आणि इंग्रजीत आहे असं कंपनीनं कळवलं, त्यावर वझ्यांनी उलट कळवलं, की पुण्यात राहून मराठी येत नसेल तर लिफ्टनं क्लास लावावा. दिवस गेले. अखेर एकदा बटणं बसली. उठावाच्या आकड्यांची, शेजारी ठिपक्यांची, बोट ठेवलं तर गप्प राहणारी आणि दाबलं तरच ऐकणारी. पहिल्या दिवशी सलिल म्हणाला, "येऊ बरोबर?" ती म्हणाली, "नको." दार मिटल्यावर ती लगेच दाबायला गेली नाही. तिनं सगळ्या बटणांवरून सावकाश हात फिरवला, एकेक आकडा वाचला, आणि लिफ्ट शहाण्यासारखी उभी राहिली, वाट बघत. मग तिनं तळमजला दाबला. खाली पोचल्यावर एका बाईच्या आवाजात "तळमजला" असं ऐकू आलं, तेव्हा आजूबाजूला कुणीही नव्हतं. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की रिक्षावाल्याला ती थँक्यू म्हणाली होती, आणि ते थँक्यू वेगळं होतं. आत काहीतरी असलेलं, खरंखुरं, तिनं स्वतःहून दिलेलं.

पण त्या दिवसापासून गोदाबाईंशी भेट तुटक झाली. दोघींची वेळ जुळायचं कारणच उरलं नव्हतं. त्या आता हव्या तेव्हा उतरायच्या, हव्या तेव्हा चढायच्या. नीरजा फाटकाशी आली की कधी असायच्या, कधी नसायच्या. आपल्याला आनंद व्हायला हवा, तिनं स्वतःला सांगितलं, आणि आनंद होताही. पण एकटीनं लिफ्टमध्ये उभं राहिलं की आपलं बोट धरणारी ती लाकडासारखी बोटं आठवायची, आणि मोकळा हात उगीचच जड वाटायचा.

एका सुट्टीच्या दिवशी, काहीही काम नसताना, तिनं चौथा मजला दाबला. दार अपेक्षानं उघडलं. तिचा आवाज रडवेला होता. "काकू, आई तुमच्याकडं आहेत का? सकाळपासून नाहीयेत. मोबाइल इथंच ठेवून गेल्यात. योगेश गाडी घेऊन वारज्यापर्यंत बघून आला, आता परत गेलाय. त्यांना बसवरचं नावसुद्धा वाचता येत नाही हो, कुठं गेल्या असतील?" नीरजा आत येऊन खाटेच्या कडेवर बसली. तिलाही भीती वाटली. त्याचबरोबर असंही वाटलं, की हे वाक्य आपल्याबद्दलही असंच, इतक्याच काळजीनं, कितीतरी वेळा बोललं गेलं असेल. तिनं अपेक्षाचा हात धरला. "येतील," ती म्हणाली. का कोण जाणे, तिला खात्री होती.

आल्या त्या दुपारच्या जेवणाच्या सुमाराला. बाहेर लिफ्टनं "चौथा मजला" म्हटलं, आणि मागोमाग धापा टाकत, पिशव्या घासत गोदाबाई आत शिरल्या. अपेक्षा एकदम रडायलाच लागली. "आई, कुठं होतात तुम्ही?"

"मंडईत गेलती," गोदाबाई म्हणाल्या. "इथचा भाजीवाला म्हने अंबाडी भेटत नाई पुन्यात. म्हटलं, पाहू तं खरं."

"एकट्या? बसनं? कसं कळलं तुम्हाला?"

"इचारत गेली. तोंड हाय न मले. काई सांगते, काई नाई सांगत. एक बुढा तं भांडलाच माझ्यासंगं, म्हने चुकीच्या बसमधी बसल्या. मंग त्यानंच उतरून दिलं." त्या पाणी प्यायल्या, घटाघट. मग त्यांना नीरजा दिसली. "तुमी काहून आल्या? काही काम होतं?"

"नाही," नीरजा म्हणाली. "काहीच काम नव्हतं."

"मंग बरं झालं." गोदाबाई खाली फतकल मारून बसल्या, नीरजाला हाताला धरून शेजारी बसवलं, मध्ये परात सरकवली, आणि अंबाडीची एक मोठी जुडी तिच्या मांडीवर टाकली. "घ्या, निवडा."

नीरजानं जुडी सोडली. ओलसर, खरबरीत देठ, त्यांना बोटांसारखी फाकलेली पानं. कितीतरी वर्षांत कुणी तिच्या हातात असं काम टाकलं नव्हतं. घरी सलिल सगळं चिरून, निवडून ठेवायचा, बँकेत चहाचा कपसुद्धा हातात यायचा. तिनं एक पान खुडलं, परातीत टाकलं. दुसरं खुडलं. आंबट वास नखांत शिरला. अपेक्षा डोळे पुसत फोनवर योगेशला सांगत होती, आल्या, हो, आल्या, मंडईत गेल्या होत्या. गोदाबाई भांडखोर म्हाताऱ्याची नक्कल करत होत्या. नीरजा ऐकत होती, खुडत होती, आणि तिला वाटलं, असंच बसून राहावं, हे कुणी थांबवू नये. थोड्या वेळानं गोदाबाईंनी परातीत हात घालून चाळवलं.

"हे पाहा, जून देठ ठेवून राह्यल्या तुमी," त्या वैतागून म्हणाल्या. "दाताखाली येते ते. नीट पाहून निवडा." आणि त्यांनी दुसरी जुडी तिच्या मांडीवर टाकली.